मासा कोण फिरवणार?

द्रौपदीच्या स्वयंवराची गोष्ट आपण सगळ्यांनीच लहानपणापासून ऐकली आहे. खाली पाणी, वर फिरता मासा, आणि पाण्यातलं प्रतिबिंब बघून वरच्या माशाचा डोळा फोडायचा. अर्जुनाने तो फोडला. कर्णाला का फोडू दिला नाही, यावरून आमच्या आळीत अजूनही दोन तट आहेत आणि गणपतीच्या वर्गणीच्या वेळी ते एकमेकांशी बोलत नाहीत. पण इतक्या वर्षांत एकाही कीर्तनकाराने एक साधी गोष्ट सांगितली नाही. तो मासा फिरवत कोण होतं?

कोणीतरी असणारच. द्रुपदाच्या पदरचा कोणी साधा माणूस, पहाटेपासून दोरी धरून बसवलेला. एकेक राजा येतोय, धनुष्य उचलताना पाय घसरून पडतोय, हा बिचारा मासा फिरवतोय. त्याला दुपारी जेवायला सोडलं होतं का? 'जरा हळू फिरव' म्हणून त्याच्या हातात कोणी चार नाणी ठेवली का? हे प्रश्न मला वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी पडले, कारण मासा फिरवायचं काम माझ्याकडे आलं.

पुण्यात आमच्या पेठेत एका इमारतीच्या तळघरात एअर रायफलची रेंज आहे. दहा लेन, दहा मीटर अंतर, समोर पोस्टकार्डापेक्षाही लहान कागदी टार्गेट. त्याच्या मधोमध दहा गुणांचा ठिपका, व्यास अर्धा मिलिमीटर. फोडणीतली मोहरी त्याच्या शेजारी ठेवली तर कलिंगड वाटेल. निवृत्तीनंतर मन एकाग्र होतं असं कोणीतरी सांगितल्यामुळे मी तिथे जाऊ लागलो. माझा आधीचा अनुभव म्हणजे जत्रेतले फुगे. तिथे मी लाल फुग्यावर नेम धरायचो, शेजारचा पिवळा फुटायचा, आणि 'पिवळाच मारायचा होता' असं म्हणून मी बंदूक परत द्यायचो. रेंजवर ही सोय नाही. तिथे भोक कागदावर राहतं आणि कोच मॅडम ते उजेडात धरून बघतात.

तरी दिवस बरे चालले होते. मग आला ऑगस्ट २०२४. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक घेतलं. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत कुस्तीचं कांस्य आणलं होतं, त्यानंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूच्या गळ्यात ऑलिम्पिकचं वैयक्तिक पदक पडलं. ऊर भरून आला. चार दिवसांनी रेंजसुद्धा भरून आली. एकेका पोरामागे आई, बाबा, आजी, डबा आणि पाण्याची बाटली. ज्या आयांनी आदल्या महिन्यात पोराला स्केटिंगमधून काढून बुद्धिबळात घातलं होतं, त्यांनी आता बुद्धिबळातून काढून इकडे आणलं.

आम्हा निवृत्त मंडळींची तीन नंबरची लेन गेली, मग पाच नंबरची गेली. शेवटी आम्ही दहाव्या लेनच्याही पलीकडे, जिथे जुन्या खुर्च्या आणि गळका कूलर ठेवतात, त्या कोपऱ्यात येऊन पोचलो. आता यापुढे जिनाच होता. तेव्हा आमच्या सेक्रेटरींनी आम्हाला बोलावलं आणि फार गोड आवाजात सांगितलं, "ज्येष्ठांसाठी आपण खास काहीतरी करतोय. हलतं टार्गेट!"

सेक्रेटरी गोड बोलले की खर्च आपल्याला करायचा असतो, हे तेव्हा माझ्या ध्यानात यायला हवं होतं.

मग त्यांनी ऑस्कर स्वानची गोष्ट सांगितली. हा स्वीडनचा नेमबाज. १९०८च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये पळत्या हरणावर नेम मारून त्याने सुवर्ण मिळवलं तेव्हा तो ६० वर्षांचा होता. आणि १९२०ला अँटवर्पमध्ये सांघिक रौप्य घेतलं तेव्हा ७२ वर्षांचा! इतक्या वयाच्या खेळाडूला ऑलिम्पिकचं पदक त्यानंतर आजतागायत मिळालेलं नाही. ही गोष्ट ऐकल्यावर आमच्या सहाही जणांनी मनातल्या मनात ७२मधून स्वतःचं वय वजा केलं. माझे नऊ आले. मालवणकडचे काका ७४ वर्षांचे, त्यांचे उणे दोन आले, पण तेही छाती काढून उभे राहिले.

"अजून आहे का हा प्रकार ऑलिम्पिकमध्ये?" बँकेतून निवृत्त झालेल्या साहेबांनी विचारलं.

"२००४च्या अथेन्सनंतर काढला," कोच मॅडम म्हणाल्या.

"म्हणजे आपण दुकान उघडतोय तेव्हा बाजार उठला."

तरी उपसमिती नेमली गेली. मी निमंत्रक. मी तेव्हा बाथरूमला गेलो होतो.

पहिल्या बैठकीत चित्र कशाचं काढायचं यावरच दीड तास गेला. या खेळात पूर्वापार रानडुकराचं चित्र असतं. गणिताच्या निवृत्त बाई म्हणाल्या, "वराह हा विष्णूचा अवतार आहे. मी गोळी घालणार नाही." हरीण सुचवलं, तर बँकेचे साहेब म्हणाले की उगाच वनखात्याचं लफडं नको. ससा सुचवला, त्यावर सगळेच हळहळले. शेवटी महाभारताचा दाखला देऊन मी मासा सुचवला. त्यावर मालवणचे काका गंभीर होऊन म्हणाले, "माशाक गोळी मारूची नसता. माशाक तिरफळ घालूचा असता." पण बहुमताने मासा पास झाला. काढायला बाईंच्या नातीला सांगितलं. तिने पापलेट काढलं आणि पापण्यांसकट हसरा डोळाही काढला. काकांनी ते बघितलं आणि विरोध मागे घेतला.

आता हा मासा पळवायचा कसा? नियमाप्रमाणे दहा मीटर अंतरावर दोन मीटर रुंदीची मोकळी जागा असते. टार्गेट एका आडोशातून निघतं, ही मोकळी जागा ओलांडतं आणि दुसऱ्या आडोशात शिरतं. सावकाश धाव असली तर ५ सेकंदांत, जलद असली तर अडीच सेकंदांत. आणि टार्गेट दिसेपर्यंत रायफल कमरेपाशी धरायची, दिसलं की मग खांद्याला लावायची. आमच्या वयाला हे कसं पडतं सांगतो. पहिल्या सेकंदाला मासा आलाय हे कळतं. दुसऱ्याला रायफल उचलतो. तिसऱ्याला चष्म्याच्या कुठल्या भागातून बघायचं ते ठरतं. चौथ्याला श्वास रोखतो. पाचव्याला श्वास का रोखला होता ते आठवत नाही.

बाईंनी एका जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर हिशेब मांडला. छर्रा सुटतो साधारण सेकंदाला १७० मीटरने. दहा मीटर जायला त्याला सेकंदाचा सुमारे सतरावा भाग लागतो. तेवढ्यात सावकाश मासा सव्वादोन सेंटीमीटरहून थोडा जास्त पुढे गेलेला असतो आणि जलद मासा जवळजवळ पावणेपाच. "थोडक्यात," बाई म्हणाल्या, "मासा आहे तिथे मारायचंच नाही. मासा जिथे असेल तिथे मारायचं."

"शेअर बाजार," बँकेचे साहेब म्हणाले आणि खिन्न झाले.

आडोशासाठी दोन फ्लेक्स मिळाले. दोन्ही भावी नगरसेवकांच्या वाढदिवसाचे, दोन वेगवेगळ्या पक्षांचे. मासा एका भावी नगरसेवकाच्या कानामागून निघायचा आणि दुसऱ्याच्या हसऱ्या तोंडात शिरायचा. महिनाभरात दोघांच्याही चेहऱ्यांची चाळण झाली. नेम चुकणाऱ्यांनी पक्षभेद केला नाही, एवढं मात्र सांगतो.

मासा टांगायला घरोघरी कपडे वाळत घालायला असते तसली दोरी आणि कप्प्या लावल्या. दोरीचं दुसरं टोक फिरवून आमच्या बाजूला, लोखंडी कपाटामागे आणलं. तिथे स्टूल टाकून क्लबच्या मामांना बसवलं. मामा भोरकडचे. रेंज झाडणं, चहा आणणं आणि कोणाचे किती गुण आले हे चहाच्या टपरीवर जाऊन सांगणं ही त्यांची मूळ कामं. कपाटामागून त्यांना नेमबाज दिसावा म्हणून स्कूटरचा एक जुना आरसा भिंतीला ठोकला. नेमबाजाने तयार झालं की 'हं' म्हणायचं, मामांनी दोरी ओढायची. पाच सेकंद मोजायला त्यांना घड्याळ दिलं होतं, पण ते 'एक राम, दोन राम' असे मोजत.

ही पद्धत सगळ्यात स्वस्त होती आणि आठच दिवसांत तिच्यावर सगळ्यात जास्त तक्रारी आल्या. बाईंचे पाच राम सात सेकंदांचे असत. सेक्रेटरींचे पाच राम दोन सेकंदांत आटपत. मी 'हं' म्हटलं की आतून आवाज येई, "थांबा सायेब, तंबाखू मळतोय." मी रायफल खाली घेई. खाली घेतली की नेमका मासा सुटे. वीजमंडळातून निवृत्त झालेले आमचे इंजिनिअर म्हणाले, "यात मानवी घटक काढून टाकला पाहिजे." चाळीस वर्षं वीजमंडळात काढलेल्या माणसाचा मानवी घटकावर इतका राग असेल असं वाटलं नव्हतं.

आम्ही यंत्राकडे वळलो. रविवारी पहाटे जुन्या बाजारात जाऊन मी कुठल्याशा मोटारीच्या वायपरची मोटर आणली, साडेचारशे रुपयांना. सेक्रेटरी म्हणाले, "पावती?" मी म्हटलं, "अहो, जुन्या बाजारातली आहे. तो विक्रेता शेजारी एक पाय नसलेली खुर्ची आणि पितळी गणपती विकत होता." ते म्हणाले, "पावतीशिवाय मंजुरी नाही." ही रक्कम अजून यायची आहे.

मोटर झाली, पण ती सुरू करायची कशी? बटण दाबायला नेमबाजाचा हात मोकळा नसतो. इथे मला एक कल्पना सुचली आणि मला सुचलेल्या कल्पनांनी आमच्या संसाराचं आजवर जेवढं नुकसान केलं आहे त्यात ही भर पडली. हिच्या शिलाई मशीनला विजेचं पायडल आहे. हात मोकळे राहतात, पायाने चालतं. रात्री मी ते पिशवीत घालून नेलं. इंजिनिअरांनी त्याचं आणि मोटरचं कसंबसं जमवून दिलं.

पायडलची खोड अशी की ते नुसतं चालू-बंद होत नाही. जितकं जोरात दाबावं तितकं यंत्र जोरात पळतं. आणि घाबरलेला माणूस पाय जोरातच दाबतो. मी नेम धरला, मासा आला, मी दचकलो, पाय दाबला गेला, मासा सणसणत गेला, तो निसटतोय म्हणून मी आणखी दचकलो, आणखी दाबला. पापलेट दुसऱ्या नगरसेवकाच्या तोंडातून आरपार जाऊन कूलरवर आदळलं. बँकेच्या साहेबांना बसल्याजागी पाय हलवायची सवय. त्यांच्या पाळीला मासा जागच्या जागी थरथर कापत उभा राहिला, जणू थकलेल्या कर्जाची नोटीस आली आहे. कोच मॅडमनी लांबूनच सांगितलं, "उभं राहून मारताना पाऊल हलवायचं नसतं हो काका. पहिल्या दिवशी शिकवलं होतं."

घरी वेगळीच नेमबाजी चालू होती.

"अहो, मशीनचं पायडल पाहिलंत का?"

"कुठलं पायडल?"

"म्हणजे आपल्याकडे किती पायडलं आहेत?"

दिवाळी तोंडावर, शेजारणींच्या अकरा साड्या फॉल-पिकोला आलेल्या. पुढचं संभाषण उपसमितीच्या इतिवृत्तात नाही. पायडल त्याच संध्याकाळी परत गेलं. माशाच्या प्रकल्पात घरातलं दुसरं काही गेलं आहे का, हे बघायला तिने मिक्सर लावून बघितला.

मग इंजिनिअरांनी तापकीर गल्लीतून बिनतारी कॉलबेल आणली. बटण रायफल धरायच्या डाव्या हाताशी चिकटवायचं, दाबलं की लहरी जातात, मासा सुटतो. सुटलाही. टाळ्या झाल्या. पाच मिनिटांनी कोणी बटण न दाबता मासा पुन्हा सुटला. मग पुन्हा. इंजिनिअरांनी तारा तपासल्या, बाईंनी त्यात काही क्रम आहे का म्हणून वेळा लिहून घेतल्या, काकांनी देवचाराची शक्यता बोलून दाखवली. इतक्यात वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांचा कंपाउंडर खाली आला. घामाघूम.

"काका, तुमच्याकडून कोणी आमची बेल वाजवतंय का? मी अर्ध्या तासात बावीस वेळा दार उघडलं. बाहेर कोणी नाही."

डॉक्टरांची बेलही तापकीर गल्लीतलीच, त्याच दुकानातली, त्याच जातीची. त्यांच्याकडे पेशंट आला की आमचा मासा पळत होता आणि आम्ही मासा पळवला की त्यांच्याकडे पेशंट आल्यासारखं वाटत होतं. डॉक्टर स्वभावाने चांगले. पहिल्या दिवशी प्रॅक्टिस एकदम वाढली म्हणून त्यांनी म्हणे घरी पेढे नेले होते.

त्यानंतरचा सेन्सर मात्र शास्त्रशुद्ध होता. सोसायट्यांच्या जिन्यात असतो ना, माणूस आला की दिवा लावणारा, तोच. माणसाच्या अंगाची ऊब हलली की त्याला कळतं. इंजिनिअर म्हणाले, "नेमबाज जागेवर आला की मासा आपोआप सुटेल. बटण नको, हाक नको." कागदावर यात चूक काढायला जागा नव्हती. प्रत्यक्षात आमच्यातल्या एकट्या बाई खऱ्या नेमबाज. त्या उभ्या राहिल्या की दगडी खांबासारख्या स्थिर. सेन्सरला त्या दिसेनातच! उबेची हालचालच नाही तर तो काय करणार? बाई चार मिनिटं रायफल कमरेला लावून उभ्या, मासा कानामागे ढिम्म. आणि मी नुसता लेनच्या दिशेने निघालो तरी मासा दोनदा जाऊन आलेला असे. जो जितका वाईट नेमबाज तितकी त्याच्यावर यंत्राची मर्जी. सरकारी खात्यात मी हे आयुष्यभर पाहिलं होतं, पण ते इतक्या स्वच्छ तांत्रिक कारणाने होत असेल असं वाटलं नव्हतं. शेवटी एक मांजर आत आलं. माशाचं चित्र, तेही पळणारं, आणि ते पळतं आपल्याच हालचालीने, हे लक्षात आल्यावर त्या मांजराने जी संध्याकाळ घालवली तशी आमच्यापैकी कोणाच्याही वाट्याला आली नाही.

मधे आठवडाभर जुन्या वॉशिंग मशीनचा टायमर लावून पाहिला. त्याबद्दल एवढंच सांगतो की मासा पंधरा मिनिटांनी निघायचा आणि शेवटी सुकवायला घातल्यासारखा गरगरायचा.

राहिला आवाज. ही युक्ती इंजिनिअरांनी मोबाइलवर पाहिली होती. बाहेर मैदानावर तबकड्या उडवून बंदुकीने फोडायचे ट्रॅप आणि स्कीट नावाचे खेळ असतात. ११० मिलिमीटरची मातकट तबकडी. नेमबाजासमोर माइक असतो, तो 'पुल' म्हणून ओरडतो आणि त्या आवाजाने यंत्र तबकडी फेकतं. ट्रॅपमध्ये ती तत्काळ सुटते. स्कीटमध्ये गंमत म्हणजे ० ते ३ सेकंदांत केव्हाही. "मोठमोठे ऑलिम्पिकवाले हेच वापरतात," इंजिनिअर म्हणाले. आम्ही लगेच पटवून घेतलं. ऑलिम्पिकचं नाव घेतलं की आम्ही पावतीसुद्धा मागत नाही. (सेक्रेटरींनी मागितली.)

वाद झाला तो शब्दावरून. पुण्याच्या भर पेठेत तळघरातून कोणी 'पुल! पुल!' ओरडायला लागलं तर लोक आदराने खाली उतरून येतील आणि खुर्च्या मांडून बसतील, ही माझी भीती सर्वांना मान्य झाली. 'ओढ' म्हणावं तर बँकेच्या साहेबांना ते भावगीतासारखं वाटलं. 'सोड' हा शब्द बाईंनी एका वाक्यात मोडून काढला: "तळघरातून बाईमाणूस 'सोड, सोड' ओरडतंय, पोलीस येतील." काकांनी सुचवलेला शब्द मालवणात प्रेमाने वापरतात म्हणे. शेवटी मी म्हटलं, "सावधान. मराठी आहे, भारदस्त आहे, शाळेपासून सवयीचा आहे." एकमताने पास.

सेन्सरच्या पाठीवर एक बारीक स्क्रू होता, तो पिळला की त्याचा कान तिखट होतो. पहिल्या दिवशी तो फारच तिखट झाला. शेजारच्या दहा लेनमध्ये पोरं फटाफट मारत होती, प्रत्येक 'फट्'ला इकडे मासा पळत होता. आम्ही काही न करता तासाभरात वायपरची मोटर गरम झाली. स्क्रू उलटा पिळला. आता मासा सुटायला बेंबीच्या देठापासून ओरडावं लागे. मी 'सावधान!' अशी आरोळी ठोकली आणि सहा नंबरच्या लेनमधली एक मुलगी इतकी दचकली की तिचा छर्रा टार्गेटच्या चौकटीला लागला. तिची आई माझ्याकडे आली. त्या बाई काय म्हणाल्या ते लिहिण्यासारखं आहे, पण मी लिहिणार नाही.

अखेर स्क्रू मध्यावर बसला. दोन दिवस सगळं सुरळीत. 'सावधान' म्हटलं की मासा, नाही म्हटलं तर नाही. सेक्रेटरींनी उद्‌घाटन ठरवलं, हार आणला, पेढे आणले, पोरांचे आईबाप खुर्च्यांवर बसवले. दिवस निवडताना त्यांनी सुट्टी बघितली, पाहुण्यांची सोय बघितली. पंचांग बघितलं नाही. तुळशीचं लग्न लागून गेलं होतं आणि आमच्या तळघराच्या झरोक्याला लागून मंगल कार्यालय आहे.

सेक्रेटरी रायफल कमरेला लावून उभे राहिले. हार गळ्यातच होता. त्यांनी सावधान म्हणण्यासाठी तोंड उघडलं आणि झरोक्यातून लाउडस्पीकरवर पहिलं मंगलाष्टक संपलं: "...शुभमंगल सा-व-धा-ऽ-न!"

मासा गेला.

सेक्रेटरींनी सावरून पुन्हा तयारी केली. दुसरं मंगलाष्टक वधूच्या आत्याने म्हटलं. आत्याचा आवाज मोठा आणि सूर स्वतःचा. मासा पुन्हा गेला. टाळ्या पडल्या. प्रेक्षकांना वाटलं हा सराव आहे. टाळ्यांनी मासा परत आला. तिसरं कोणा मामाने स्वतः रचलेलं होतं, त्यात सबंध खानदानाची नावं होती, आणि ते संपायची वाट बघता बघता सेक्रेटरींचा हात दुखायला लागला. मी कोपऱ्यातून खूण करून सांगत होतो की स्क्रू, स्क्रू पिळू दे. ते मला लांबूनच 'गप्प बसा' अशी खूण करत होते. मग शेवटचं 'सावधान' झालं, अंतरपाट दूर झाला असावा, आणि सनई, ताशा, बँड, फटाके सगळं एकदम सुटलं.

पापलेट पिसाळलं. एका नगरसेवकातून निघायचं, दुसऱ्यात शिरायचं, तिथून मागे फिरायचं. वायपर शेवटी वायपर, येणं आणि जाणं हाच त्याचा जन्म. नातीने काढलेला हसरा डोळा आमच्यासमोरून पापण्या मिटल्यासारखा लुकलुकत होता. खुर्च्यांवरची पोरं उभी राहून ओरडायला लागली, त्याने तर आणखी जोर चढला. सेक्रेटरींनी इरेला पेटून एक छर्रा सोडला. तो माशाला लागला नाही. एका भावी नगरसेवकाचा दात तेवढा गेला. जळका वास आला, मोटर गप्प झाली, आणि त्या शांततेत पलीकडून स्पीकरवर सूचना आली की पाहुण्यांनी जेवल्याशिवाय जाऊ नये.

उपसमिती बरखास्त झाली. मामा पुन्हा स्टुलावर आले. "मी तवाच म्हनलं होतं," ते म्हणाले. त्यांनी तेव्हा काहीही म्हटलेलं नव्हतं, पण आम्ही मान हलवली. आता कोणी तक्रार करत नाही. बाईंना सात सेकंद मिळतात, सेक्रेटरींना दोन, आणि सेक्रेटरींनीही अलीकडे मामांना चहाबरोबर क्रीमरोल विचारायला सुरुवात केली आहे. त्यांचे परवा अडीच झाले.

गेल्या रविवारी मामा गावच्या यात्रेला गेले आणि मी कपाटामागे बसलो. इतके महिने यंत्रं जमवण्यात गेल्यामुळे माझी स्वतःची नेमबाजी जवळजवळ सुटलीच आहे, त्यामुळे माझ्याशिवाय कोणाचं अडत नव्हतं. स्टूल डुगडुगतं. खिळ्याला मामांचा टॉवेल. कपाटाच्या पाठीवर खडूने काहीतरी लिहिलेलं होतं, चष्मा पुसून वाचलं. 'बाई - हळू. बँक - हळू. मालवन - हळू, मासे देतात. इंजिनेर - फास. शेकटरी - फास फास.' सर्वांत खाली माझं नाव होतं. त्यापुढे लिहिलं होतं, 'कसंबी ओढा. लागत नाय.'

मी ते पुसलं नाही. अक्षर चांगलं होतं.

इतक्यात पलीकडे बुटांचा आवाज आला. आरशात बघितलं तर सेक्रेटरी. त्यांनी रायफल कमरेला लावली, पाय रोवले, मान सरळ केली. चेहरा अगदी अर्जुनासारखा. माझे साडेचारशे रुपये त्यांच्याकडून अजून यायचे आहेत हे त्या चेहऱ्यावर कुठेही दिसत नव्हतं.

"हं," ते म्हणाले.

माझा चहा अर्धा राहिला होता. तो मी आधी संपवला.